कंबर नसलेली माशी

आमच्या ह्यांना भेटायला कोणी आलं की मी सरळ मागच्या अंगणाकडे बोट दाखवते. बैठकीत ते सापडायचे नाहीत. बैठकीत ते दिवाळीला बसतात आणि कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं तर बसतात, तेही काटे टोचत असल्यासारखे. बाकी सगळा वेळ मागे, एका मेलेल्या आंब्याच्या खोडासमोर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर ओला नॅपकिन टाकून. समोरच्या खोडाला पान नाही, फांदी नाही, साल नाही. एकदा एक नवीन कुरिअरवाला मला हळूच विचारून गेला, "आंटी, अंकलजी ठीक हैं न?" मी त्याला सांगितलं की अंकलजी ठणठणीत आहेत, माझं तेवढं विचारू नकोस.

ह्यांचं नाव उल्हास पिंपळखुटे. जबलपूरच्याच एका कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. घराणं भोसल्यांच्या चाकरीत नागपूरकडून इकडे आलेलं, त्यामुळे घरात मराठी, दारात हिंदी आणि भांडणात जी आधी सापडेल ती. भांडण अर्थात मीच करते. ह्यांना राग येत नाही. तुम्ही बोला, ओरडा, भांडी आपटा, ते "अच्छा" म्हणतात, शांतपणे ऐकून घेतात आणि मग जे करत होते तेच करतात. मी शाळेत गणित शिकवलं आहे, मला उत्तर लागतं. "अच्छा" हे उत्तर नव्हे, पण आमच्या संसारात तेच चालत आलं आहे.

खोडाची भानगड सांगायची तर आधी माशीची सांगावी लागेल. मला माशांमध्ये काडीचा रस नाही. पण एका छपराखाली राहून ते सगळं कानात झिरपलं आहे आणि आता निघत नाही.

करवती माशी म्हणून एक असते. आमच्याकडे हिंदीत तिला आरा मक्खी म्हणतात. तिच्या पोटाच्या टोकाला खरोखरच करवत असते. त्या करवतीनं ती पानाच्या कडेला चीर पाडते आणि चिरेत अंडं ठेवते. हिवाळ्यात राईवर आणि मुळ्यावर तिच्या काळपट हिरव्या अळ्या दिसतात. हात लावला की अंगाचं मुटकुळं करून खाली पडतात आणि मेल्याचं सोंग घेतात; तुम्ही पाठ फिरवली की पुन्हा वर. आठवडाभरात पानाची जाळी करून ठेवतात. ह्या माशीचं बहुतेक सगळं खानदान शाकाहारी, पानं नाही तर लाकूड खाणारं. आणि ओळखायची खूण म्हणजे हिला कंबर नसते. छाती आणि पोट सलग, एकाच जाडीचं.

दुसरीकडे गांधीलमाशी आणि तिच्या बारीकसारीक बहिणी. ह्यांना सुतासारखी कंबर. त्यांच्यातल्या पुष्कळजणी दुसऱ्या किड्याच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पोरं त्या किड्याला आतून खातात. ऐकायला वाईट, पण बागेला बरं. इथपर्यंत हिशेब सरळ आहे. कंबर नाही ती पान खाणारी, कंबर आहे ती किडा खाणारी.

आणि ह्या दोघींच्या मध्ये एक तिसरी आहे, जिनं माझं आयुष्य नासवलं. ती वाळक्या लाकडावर राहते. अंगानं अगदी करवती माशीसारखी, कंबरेचा पत्ता नाही. पण पान खात नाही. वाळक्या खोडावर फिरत मिशांच्या टोकांनी लाकूड ठोकते आणि पुढच्या पायांनी ऐकते. आत लाकूड पोखरणाऱ्या भिरूडाची अळी कुठे बसली आहे ते तिला ठोकण्यावरून कळतं. मग पोटात गुंडाळून ठेवलेली केसाएवढी बारीक, स्वतःच्या अंगापेक्षा लांब नळी ती लाकडात उतरवते आणि आत अंडं सोडते. तिचं पोर भिरूडाला खाऊन मोठं होतं. थोडक्यात, दिसायला माहेरची आणि वागायला सासरची. हे वाक्य माझं आहे. ह्यांनी ते वर्गात वापरलं आणि मला श्रेय दिलं नाही.

ही तिसरी माशी ते दरवर्षी फळ्यावर खडूनं काढायचे. एका वर्षी गीतांजली नावाच्या मुलीनं हात वर करून विचारलं, "सर, आपने देखी है?" खोटं बोलणं ह्यांना येत नाही. नाही म्हणाले. मुलं हसली नाहीत, काही नाही, तास पुढे चालू झाला. पण घरी आले तेव्हा ह्यांचं तोंड उतरलेलं होतं. जेवताना मला म्हणाले की मी इतकी वर्षं ती कशी ठोकते ते सांगून राहिलो आणि मी तिला ठोकताना पाहिलीच नाही, हे म्हणजे नर्मदा न पाहता घाटाचं वर्णन करण्यासारखं झालं.

तेव्हापासून आमच्या रविवारांची वाट लागली. लोक बायकांना घेऊन भेडाघाटला जायचे, सदरला कॉफी प्यायला जायचे. मी डुमन्याच्या जंगलाच्या रस्त्याला स्कूटरजवळ उभी राहून ह्यांना पडलेल्या लाकडांना कान लावताना पाहायची. आमचा अक्षत लहान होता, त्याला वाटायचं सगळ्यांचे बाबा असेच असतात. माशी काही दिसली नाही. शोधणाऱ्यांना ती क्वचितच दिसते म्हणे. मग आहे कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "अच्छा प्रश्न आहे."

मग आमच्याच मागच्या अंगणातला आंबा मेला. भिरूड लागला होता, बुंध्यातून भुसा गळायचा. मी सुताराला बोलावलं. हे सुताराला चहा पाजून परत पाठवून आले आणि इतके खूश दिसले की मला वाटलं लाकडाला चांगलं गिऱ्हाईक मिळालं. तर म्हणे उभं, वाळकं, साल गळालेलं, उन्हातलं आणि आत भिरूड भरलेलं खोड, ह्याच्यापेक्षा चांगलं घर तिला मिळणार नाही. ती येईल. आली तर चैत्र-वैशाखात, उन्हं चढल्यावर येईल. आणि खुर्ची गेली मागे.

पहिल्या उन्हाळ्यात ती आली नाही, दुसऱ्यातही नाही. दोन्ही वर्षी ह्यांच्या मानेची सालटी निघाली.

ह्याच काळात अवंतिका शेजारी राहायला आली. मूळची पुण्याची. तिचा नवरा इथे सैन्यात मेजर. सदरला छावणीत घर मिळेपर्यंत म्हणून आमच्या सिविल लाइंसमागच्या कॉलनीत भाड्यानं राहिली, आणि मग घरापुढच्या जमिनीच्या तुकड्याच्या मोहात पडून इथेच राहिली. जीव ओतून मुळा लावला, राई लावली. पहिल्याच हिवाळ्यात करवती माशीनं सगळ्याची जाळी केली. बिचारी रडकुंडीला आली. मग तिनं आणि कॉलनीतल्या बाकीच्या बायकांनी दुकानातून मिळेल ती पावडर आणि मिळेल तो फवारा आणून सगळ्या वाफ्यांना अंघोळ घातली. अळ्या मेल्या आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही सगळं मेलं. पुढच्या खेपेला अळ्या दुपटीनं आल्या, कारण त्यांना खाणारं कोणी उरलं नव्हतं.

तेव्हा हे पुढे झाले. आमच्या व्हरांड्यात सगळ्या बायकांना बसवलं आणि फळ्याशिवाय शिकवलं. सांगितलं, फवारा बंद. माशी बसलेली दिसली की फक्त कंबर पाहा. कंबर आहे, सोडून द्या, ती तुमची मैत्रीण. कंबर नाही, चप्पल काढा. बायकांना ते फार आवडलं. कंबरेवरून पुष्कळ विनोद झाले, ते मी इथे लिहीत नाही. पण नियम डोक्यात बसला. अवंतिका तर त्यात इतकी तयार झाली की चार पंखांचं काहीही दिसलं की खाली वाकून आधी कंबर पाहायची आणि मगच हात उचलायचा की नाही ते ठरवायची. त्या हिवाळ्यात कॉलनीत मुळा आला. आमच्या घरी इतका मुळा पोचला की मी पराठे करून थकले.

त्या व्हरांड्यातल्या वर्गानंतरच मी ह्यांना म्हटलं होतं, "अहो, पण ती तुमची लाकडावरची? तिला कुठे कंबर आहे?"

"ती काय मुळ्यावर येऊन राहिली?"

"तरी सांगून ठेवा ना."

"विनता, अपवाद सांगितला की लोक नियम विसरतात."

मी गणिताची बाई आहे. शून्यानं भागायचं नाही हे मी दर वर्षी पहिल्या दिवशी सांगायची, कारण जे सांगायचं राहतं तेच पोरं परीक्षेत करून ठेवतात. मी हेही बोलले. त्यांनी "अच्छा" म्हटलं.

आता डोळ्यांचं. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पार दुधाळ झालेला, उजवा थोडा बरा. डॉक्टरांनी कधीपासून सांगून ठेवलं आहे की पिकलाय, जास्त थांबलात तर कठीण होत जाईल. आजकाल सकाळी जाऊन दुपारी घरी येतात लोक. आमच्या कॉलनीत निम्म्या म्हाताऱ्यांनी करून घेतलं आणि वर्तमानपत्रं वाचून भांडतात. पण हे पुढे ढकलत राहिले. हिवाळ्यात म्हणे मुळ्याचा वर्ग आहे. पावसाळ्यात म्हणे जंतू असतात. उन्हाळ्यात करून घ्या म्हटलं, तर त्यानंतर काही आठवडे धूळ आणि ऊन चालत नाही, आणि धूळ आणि ऊन तर खोडाजवळच. चहात साखरेऐवजी मीठ टाकून प्यायले तरी कबूल करेनात. अक्षत हैदराबादहून फोनवर माझ्यावरच ओरडायचा की आई, तू त्यांना घेऊन का जात नाहीस, जसं काही ते गाठोडं आहेत आणि मी उचलून रिक्षात टाकायचं.

यंदा माघात मी अगदी शेवटचं भांडले. म्हटलं, एका माशीसाठी आंधळे होणार आहात का तुम्ही. ह्या वेळी ते "अच्छा" म्हणाले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मग म्हणाले, "बापूसाहेबांचा डोळा ऑपरेशननंतरच गेला होता."

बापूसाहेब म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते एका डोळ्यानंच पाहायचे, हे मला माहीत होतं. का, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तो काळ वेगळा होता, आता यंत्रानं होतं. त्यांना तेही माहीत होतं. ते शास्त्राचे मास्तर आहेत, मला शिकवतील. पण भीती शास्त्र ऐकत नाही.

"बिघडलं तर बिघडलं," ते म्हणाले. "पण त्याच्या आधी एकदा तिला पाहून घेऊ दे. ठोकताना. ह्या उन्हाळ्यात नाही आली तर तू म्हणशील तेव्हा जातो."

मला इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना डबे पुसले. माणसानं आधी सांगावं की मला भीती वाटते. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझं भांडण एका माशीशी आहे.

तर यंदाचा उन्हाळा शेवटचा, असा करार झाला. आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडावर आली होळी.

आमच्या कॉलनीत होळीला प्रत्येक घरानं आपल्या नावाचं लाकूड द्यायची पद्धत आहे. नाही म्हणणं अशुभ मानतात, आणि अशुभापेक्षा जास्त म्हणजे वर्षभर त्याबद्दल बोलतात. समितीचे योगेंद्र भैया गेल्या वर्षीपासूनच आमच्या खोडावर नजर ठेवून होते. यंदा चार माणसं आणि कुऱ्हाड घेऊनच आले. इतकं मोठं, इतकं वाळकं खोड, होळीला याच्याहून चांगलं काय, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या बाजूनं ते रास्तच होतं. मी बाजारात गेले होते. परत आले तर खोड जागेवर आणि बैठक रिकामी. माझ्या वडिलांनी दमोहहून पाठवलेला सागवानी तख्त, ज्यावर अक्षत पालथं पडायला शिकला, तो होळीला गेला होता. "तख्त तसाही कोणी वापरत नव्हतं," हे म्हणाले. वापरत नव्हतं, कारण वापरणारा माणूस मागच्या अंगणात असतो! मी संध्याकाळी होळीला नारळ वाहायला गेले आणि माझ्या माहेरचं सागवान तडतडताना पाहून आले. योगेंद्र भैयांनी मला पाहून हात जोडले, म्हणाले, भाभीजी, आपने तो दिल बड़ा कर दिया. माझं मन मोठं वगैरे काही झालेलं नव्हतं. पण करार म्हणजे करार, मी नारळ वाहिला.

होळीनंतर मीही मागे बसायला लागले. एक खुर्ची माझी. कोणी विचारलं तर सांगायची की भाजी निवडते आहे. खरं म्हणजे माझ्या लक्षात आलं होतं की हे आता खोडाकडे पाहतात ते पाहत नाहीत. एकदा खोडावर ऊन पडलेल्या एका फटीकडे बोट करून मला म्हणाले, मुंगळा आहे बघ. तिथे फट होती, मुंगळा नव्हता. मी "हो" म्हटलं. ही माशी जेमतेम तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, काळी, आणि खोडही काळं पडलेलं. ती ह्यांच्या नाकासमोर नाचून गेली तरी ह्यांना कळणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. भाजी निवडली आणि खोडाकडे डोळे लावून बसले, कारण आता आमच्या दोघांत मिळून डोळे माझेच होते.

चैत्र सरत आला. मी मुंग्या पाहिल्या, कोळी पाहिले, कंबर असलेल्या माशा पाहिल्या, एक सरडा पाहिला. प्रत्येक वेळी हे खुर्चीत पुढे सरकायचे आणि मी नाही म्हटलं की मागे टेकायचे. मला त्या सरकण्याचाच त्रास व्हायला लागला.

ती आली तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत होते. खोडाच्या उन्हाच्या बाजूला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एक काळा ठिपका खाली उतरत होता. आधी मुंगीच वाटली. पण मुंगी अशी थांबत नाही. हा थांबायचा, दोन पावलं मागे जायचा, मग डोकं खाली करून काहीतरी करायचा. मी शेंग तशीच हातात धरून वाकले. त्याच्या मिशा डोक्यावरून नाही, खालून, जवळजवळ तोंडापासून निघाल्या होत्या, आणि तो त्यांच्या टोकांनी लाकूड ठोकत होता. एक मिशी, दुसरी मिशी. मग अगदी स्तब्ध. मग पुन्हा.

माझ्या छातीत धडधडायला लागलं, हे मी खरं लिहिते. माशांमध्ये मला काडीचा रस नाही.

"अहो," मी हळूच म्हटलं. "काहीतरी ठोकून राहिलंय."

ते उठले. खुर्ची मागे पडली तरी त्यांना कळलं नाही. खोडाजवळ तोंड नेलं. "कुठे?" मी सांगितलं, तुमच्या हाताच्या वर, थोडं डावीकडे. ते डावीकडे सरकले. "कुठे?" मी म्हटलं, अहो समोर, नाकासमोर, हलू नका. त्यांनी डावा डोळा मिटला, उजवा बारीक केला, चष्मा वर ढकलला, खाली घेतला. त्यांना नुसतं काळं लाकूड दिसत होतं. मला त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवावंसं वाटलं. ती माशी त्यांच्या श्वासाएवढ्या अंतरावर होती आणि निवांत ठोकत होती.

मग त्यांनी पाहायचा प्रयत्न सोडला आणि मास्तर झाले. डोळे मिटूनच विचारलं, "पंख किती?"

"चार असावेत. पाठीवर मिटलेत."

"आणि कंबर आहे का? नीट पाहून सांग."

मी वाकून नीट पाहिलं. छातीपासून शेपटीपर्यंत सलग. माझा आवाज जरा चढलाच असेल.

"नाही," मी म्हटलं. "कंबर नाहीये."

माझ्या खांद्यावरून चप्पल आली. फट्‌ असा आवाज झाला आणि खोडावर काही राहिलं नाही.

अवंतिका मागे उभी होती. एका हातात चैत्रगौरीच्या आंब्याच्या डाळीची वाटी, दुसऱ्या हातात चप्पल. कुंपणाच्या फटीतून नेहमीसारखी आली होती आणि येता येता तिनं माझं शेवटचं वाक्य ऐकलं होतं. तिला शाबासकी हवी होती, ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"कंबर नव्हती, सर," ती म्हणाली. "मीपण बघितलं."

मी तिला काय बोलले ते मला आता नीट आठवत नाही. मराठी संपल्यावर हिंदीत बोलले एवढं आठवतं. ह्यांनी मला दंडाला धरून बाजूला केलं, जे त्यांनी आमच्या अख्ख्या संसारात कधी केलं नव्हतं.

"विनता, तिला काहून बोलून राहिली तू? तिनं मी शिकवलं तेच केलं."

मग अवंतिकाकडे वळून म्हणाले, "तुम्ही बरोबर पाहिलंत. नियम माझा अर्धा होता."

त्यांनी तिच्याकडून चप्पल मागून घेतली. गुडघ्यावर बसून, बोटांनी चाचपून, चप्पल आणि खोडाच्या खालची माती दोन्ही तपासली. त्यांना सापडणार नव्हतं. अवंतिकाला सापडलं, चपलेच्या खाचेत. पांढऱ्या कागदावर घेऊन आम्ही तिघं आत आलो. जेवणाच्या टेबलावर दिवा लावला. कमानियाच्या बाजारातून आणलेलं घड्याळजीचं भिंग ह्यांनी उजव्या डोळ्याला लावलं आणि कागदावर जवळजवळ कपाळ टेकवलं. दिव्याचा उजेड, पांढरा कागद आणि डोळ्यापासून दोन बोटांवर, न हलणारी. आता त्यांना दिसत होतं. जिवंत असताना ते कधीच जमलं नसतं, हे त्या टेबलाशी बसलेल्या तिघांनाही एकाच वेळी कळलं असावं.

पोट चेंगरलं होतं. डोकं शाबूत होतं. ह्यांनी ते किती वेळ पाहिलं कोण जाणे. कपाळावरच्या मधल्या, ठिपक्याएवढ्या डोळ्याभोवती बारीक दातांचं कडं आहे, मुगुटासारखं, असं सांगितलं. मिशा खालून फुटल्या आहेत हे सांगितलं. चेंगरलेल्या पोटातून केसासारखं काहीतरी उलगडून बाहेर आलं होतं, ते दाभणाच्या टोकानं सरळ केलं. ते माशीच्या अंगापेक्षा खरंच लांब निघालं. मग भिंग अवंतिकाच्या हातात दिलं आणि तिला सगळं पहिल्यापासून समजावलं, करवती माशी कोणती, ही कोणती, दोघी दिसायला सारख्या का आणि वागायला उलट का. अवंतिका नाक पुसत ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं की मग सर, आता बाकीच्यांना काय सांगायचं. हे म्हणाले, सांगा की मुळ्यावरची मारा, आणि लाकडावर दिसली तर मला हाक मारा.

ती गेली. डाळीची वाटी टेबलावरच राहिली. मला वाटलं होतं की हे खचतील, किंवा निदान एकदा तरी माझ्यासारखे चिडतील. मी वाट पाहत होते. मला स्वतःला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं की कशाचं ते मला ठरवता येत नव्हतं. तो तख्त गेला, ते रविवार गेले, एक माशी आली आणि मी तोंड उघडून तिला मारवली.

"डॉक्टरला फोन लाव," ते म्हणाले. "तारीख घे."

मी फोन लावला. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. त्यांनी मान हलवली. भिंग पुसून डबीत ठेवलं. कागद नीट घडी करून माशीवर झाकला आणि मग टेबलावर आपला हात माझ्याकडे सरकवून तळवा उताणा ठेवला.

"कशी ठोकत होती?"

"म्हणजे?"

"मी पाहिलं नाही ना. तू पाहिलं. दाखव."

मी म्हटलं, हे काय भलतंच, मला नाही येत. त्यांनी हात मागे घेतला नाही. मी दोन बोटांच्या टोकांनी त्यांच्या तळव्यावर ठोकलं. एक बोट, दुसरं बोट. मग थांबले, जशी ती थांबत होती तशी. मग पुन्हा.

त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"इतकी हळू?" त्यांनी विचारलं.

"इतकीच."

"अच्छा," ते म्हणाले. "थांबू नको."